चेंडू पडल्यावरचा आवाज

(कोथरूडमधल्या एका लहानशा गेम स्टुडिओची साउंड रूम. दुपारचे जेवण नुकतेच उरकले आहे.)

स्पृहा : …आणि तो आवाज. ‘पाऊल मागं नाही गड्या, दरी बघतेय.’ बारा वर्षं झाली, अजून कानात आहे. तुमच्या येरवड्याच्या घरी कपाटातल्या रजयांमध्ये डोकं खुपसून तुझा भाऊ शहाबाज रेकॉर्डिंगसाठी बोलत होता, आणि शिट्टी होऊ नये म्हणून तुझ्या अम्मीनं कुकरखालचा गॅस बंद केला होता. अर्धी कच्ची डाळ खाल्ली आपण त्या दिवशी.

अझीम : खिचडी होती.

स्पृहा : हो, तू खिचडीचं लक्षात ठेव. त्या आवाजावर ‘काळदरी’ गेमचे चार भाग चालले. आपल्या हिरोचा, भिवाचा चेहरा आपण तीनदा बदलला, लोकांनी चालवून घेतला. आवाज बदलू दिला नाही. आणि आज मी त्याच्या नव्या पिनबॉल गेमचं बिल्ड उघडते, तर चेंडू पडल्यावर भिवा गप्प. तिथली किंकाळी कोणी काढून टाकली?

अझीम : मी.

स्पृहा : विचारायची पद्धत असते. आपल्याकडे नसेल कदाचित.

अझीम : तलवारीच्या खेळात तो कधीतरी मरायचा. इथे चेंडू खालच्या दोन पट्ट्यांमधून सारखा निसटतो. आपण सवयीनं जुनी मरणाची किंकाळीच तिथे लावली. घडीघडीला मरतोय तो. टेस्टिंगवाले हसत होते.

स्पृहा : हसणारच. जन्मभर मारामारीचे गेम केले, आपल्याला पडणं म्हणजे मरणंच वाटतं. म्हणून तर नवी वाक्यं लिहिली ना मी? चेंडू पडला की भिवा म्हणेल, ‘पडलो तर पडलो, माती ओळखीची आहे.’ परत उडाला की, ‘वारा धर, रानपाखरा.’ मूठभर वाक्यं. अर्ध्या तासाचं काम. शहाबाज येत का नाही?

अझीम : कामात आहे.

स्पृहा : गणपतीत कामात, दिवाळीत कामात. कलेक्टर झालाय का?

अझीम : आहे कामात.

स्पृहा : उद्या दुपारी बिल्ड द्यायचंय. केदार सर म्हणाले, शहाबाज येत नसेल तर जुन्या रेकॉर्डिंगवरून मशीनकडून त्याचा आवाज बनवून घ्या. तू मीटिंगमधून उठून गेलास. मग त्यांनी मुंबईचा एक आर्टिस्ट सुचवला, तर त्यालाही तू नको म्हणालास. भाऊ येत नाही, मशीन नको, परका नको. मग काय, चेंडू पडला की मी खिडकीतून ओरडू?

अझीम : शांत ठेवू ती जागा.

स्पृहा : लोकांना वाटेल स्पीकर गेला. अझीम, पडलेल्याला कोणीतरी काहीतरी म्हणावं लागतं रे. नाहीतर तो परत बटण दाबत नाही.

अझीम : मशीन त्याच्या तोंडी काहीही घालेल. त्यानं जन्मात न म्हटलेलं.

स्पृहा : मग त्यालाच म्हणू दे. रुसलाय का? चौथ्या भागात त्याचं नाव अगदी शेवटी, बारीक अक्षरात गेलं म्हणून? मी बोलते त्याच्याशी. हवं तर कान धरते.

अझीम : रुसणारा नाहीये तो.

स्पृहा : मग माझ्या मेसेजला नुसता अंगठा का पाठवतो? पूर्वी एक ओळ लिहिली की केवढा तरी मोठा व्हॉइस मेसेज यायचा. त्यात निम्मं गाणं, निम्मी रिक्षावाल्याची नक्कल.

अझीम : तुझी वाक्यं वाचली त्यानं. मातीचं आवडलं.

स्पृहा : आवडलं ना? मग मला सांगायला काय जातं त्याचं? पुरे झालं. मी लावते फोन. स्पीकरवर.

अझीम : नको लावूस.

स्पृहा : का? कारण सांग, ठेवते.

अझीम : स्पृहा, ऐक जरा.

स्पृहा : गणपतीपासून ऐकतेच आहे. ‘कामात आहे’, एवढंच. रिंग जातेय.

अझीम : ठेव तो फोन.

स्पृहा : उचलला बघ. शहाबाज? अरे, मी स्पृहा. किती भाव खाशील? … हॅलो? … अरे बोल ना. … अझीम, श्वास ऐकू येतोय मला त्याचा. आहे तो तिकडे. हा बोलत का नाहीये?

अझीम : शाबू, मी आहे इथे. सांगतो रे आता हिला, नाही राहवत. … स्पृहा, पावसाळ्यात त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ होती. आवाजाची पेटीच काढावी लागली. कोणाला सांगू नकोस, असं पाटीवर लिहून दिलं होतं त्यानं. फोन आला की उचलतो अजून. उचलतो, आणि ऐकत राहतो.