जित्या माणसाची गाडी

माहा जलम सिंदी रेल्वे गावचा, ताई. बाप बाजारात वांगे अन् सांभार, म्हंजे तुमची कोथिंबीर, घेऊन बसे. दहावी झाल्यावर मामानं म्हनलं, दवाखान्यात लाग, तिथं सावलीत काम रायते. सावलीत, काय सांगू तुमाले! मलमपट्टी शिकलो, सलाइन लावाले शिकलो अन् हिंगणघाटले एका खासगी दवाखान्यात ॲम्ब्युलन्सवर लागलो, नव्वद-ब्याण्णवची गोष्ट असन, तवापासून उनात डांबरावर गुडघे टेकून मानसं उचलून राह्यलो, मामाची सावली कई भेटलीच नाई.

आता पॅरामेडिक म्हनतात, आमच्या वक्ती तो शब्दच नोता, कोनी कंपाउंडर म्हने, कोनी नुसतं गाडीवाला. पगार विचारला म्हनून सांगतो, बाराशे रुपये महिना. संगं शिकलेला एक जन कापसाच्या जिनिंगमधे लागला, कोनाचं बोट कापलं का पट्टी बांधे, दिवाळीले बोनस घे. दुसरा सरकारी केंद्रात ड्रेसर झाला, आमच्या तिप्पट पगार अन् दुपारी झोप काढे, लबाड! तिसरा नागपूरले मोठ्या दवाखान्यात गेला. मी गाडीवरच राह्यलो. मले गाडी आवडे, खोटं काऊन बोलू.

पन गाडीचं एक लफडं होतं. जित्या मानसाले लोकं बैलबंडीत, ट्रॅक्टरवर, जे भेटन त्याच्यावर घालून आनत, अन् दवाखान्यात मेला का मंग घरी पोचवाले आमची गाडी. म्हनून खेड्यात ती पांढरी गाडी दिसली का बाया दारं लावून घेत. मुर्द्याची गाडी म्हनत तिले.

एक डाव वेणा नदीपल्याडच्या गावातून नर्सबाईचा फोन आला, पहिलटकरीन अडली, रक्त जाऊन राह्यलं, सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात न्या लागते. भर दुपारी पोचलो तं सासू दारात आडवी. मुर्द्याच्या गाडीत माही सून बसनार नाई म्हने, ट्रॅक्टर बोलवा. पोरीचे ओठ पांढरे झालते, मले दिसून राह्यलं का ट्रॅक्टरवर ही टिकत नाई. माहं डोकं गरम, एरवी सुनावलं असतं बुढीले, पन मागच्या साली तिच्या मालकाचा मुर्दा याच गाडीतून घरी आलता, अन् आननारा मीच होतो.

मंग म्या काय केलं, स्ट्रेचरवर मीच झोपलो, आडवा, छातीवर हात ठेवून. ड्रायव्हरले म्हनलं, समोरच्या मारुतीच्या देवळाले फेरा मारून आन मले. तो म्हने, पागल झाला का बे? म्हनलं, चाल तू! अर्धं गाव पाहून राह्यलं. फेरा मारून गाडी दारात आली, मी उडी मारून उतरलो, बुढीले म्हनलं, पाह्य माय, झोपून गेलतो, जिता आलो, आता सुनेसंगं तू बी बस. तिनं माहा दंड धरला अन् असा चिमटा काढला, असा काढला का मी वरडलोच! तवा म्हने, हो, जिता हाय हा. उचला तिले.

सेवाग्रामले पोरगी झाली, मायलेकी दोघी वाचल्या. मी व्हरांड्यात बसून रडलो, सांगाले लाज नाई वाटत.

त्याच्यानंतर त्या गावातून जित्या मानसायसाठी फोन येऊ लागले. नागपूरच्या दोस्तानं दुप्पट पगारावर बोलावलं, घरची म्हने जा, पन मी नाई गेलो, घरची चार दिवस रुसली, मंग मानली. आता चौदा हजार भेटते, दोन खोल्या बांधल्या, पोट्टी नर्सिंग शिकून राह्यली. चांगलं चाललं आपलं.

परवा त्या गावाले गेलतो तं बुढी ओट्यावर. डोक्यावर हात ठेवून म्हने, बावा, तुही गाडी रिकामी राहो. म्हनलं, माय, आमाले फेरीमागं भत्ता भेटते, गाडी रिकामी राह्यली तं त्याचं काय? तं म्हने, पगार हाय ना तुले, तो घे अन् गुमान घरी जेवाले जा.

लय हासलो. पन ज्या दिवशी फोन येत नाई त्या दिवशी भाकर गोड लागते, हे खरं हाय. तुमी बी भेटाले येजा ताई, कवाबी येजा, फकत आपल्या पायानं येजा.