पाचवी सवाष्ण

नुकताच बीएस्सी झालेला रवींद्र सक्करदऱ्याच्या बससाठी रांगेत उभा होता. पुढे दोन विहिणी होत्या, आणि त्याचे दोन्ही कान त्यांच्याकडेच लागले होते.

"ईनबाई, पोरीच्या हळदीले चार सवाष्णी ठरल्या. पाचव्या राणीसाहेब. तुमचा होकार पायजे."

"कोणत्या? क्लबात सिगारेट फुकणाऱ्या?"

"सोडली आता. डॉक्टरनं सांगतलं."

"इंग्रजाच्या राज्यात हत्तीवर बसून सिनेमाले जाणाऱ्या त्याच ना?"

"मोटर बिघडली होती. मंग का पायी जातीन?"

"अन् नवरे किती केले?"

"तीन."

"अवं माय! मेले किती?"

"एकही नाही. राजेसाहेब मसुरीले हायेत, पायलट कलकत्त्याले, अन् टेनिसवाला घरीच असते."

मागच्या माणसाने ढकललं, तरी रवींद्र जागचा हलला नाही.

"दोघाईले सोडलं, मंग सवाष्ण कायची?"

"जिते हायेत ना? आपलं कुंकू एकाच्या भरवशावर. त्याईचे तीन-तीन जिते! इतकी पक्की सवाष्ण साऱ्या नागपुरात दाखवा मले."

दुसरीने तोंडाला पदर लावला.

"हसू नका, ईनबाई. माही पोरगी त्याईच्याच अंगाखांद्यावर वाढली. राणीसाहेब नाही, तर हळदच लावून घेत नाही म्हणते."

"बरं, येऊ द्या. पण माही एक अट हाये."

"सांगा."

"हत्तीवरच या म्हणा. अन् येताना महालातल्या माह्या घरून मले बसवून घ्या म्हणा."