सुपाएवढे कान

मी मूळची कराडची, वडील शाळेत चित्रकला शिकवायचे, लग्न होऊन दिल्लीत मयूर विहारला आले आणि लहान मुलांच्या गोष्टी लिहून त्यांची चित्रंही स्वतःच काढायला लागले. लोक म्हणतात, किती गोड काम. काय सांगू तुम्हाला, गोड.

मला एक खोड, मनानं चेहरा सुचत नाही, समोर बसलेलं माणूस लागतं. घरात बसायला कोण, तर माझी मुलगी गौरी, आठ वर्षांची. बिस्किट द्यायचं आणि म्हणायचं, हलू नकोस. हलायची नाही बिचारी. तिचे कान जरा मोठे, मी ते सुपाएवढे केले, आणि कानांनी उडणारी मुलगी असं पुस्तक झालं. हिंदीत निघालं, खूप चाललं. मी इतकी शहाणी, की तिच्याच शाळेत जाऊन, तिला शेजारी उभं करून वाचून दाखवलं. मुलं हसली. मला वाटलं, वा, जमलं.

मग रोजचंच झालं, ए, उड़ के दिखा. एक दिवस घसरगुंडीवरून ढकललंच तिला. पुढचे दोन पक्के दात तुटले, ओठ फुगला. घरी आणली, कुशीत घेतली, रडले, आईचं सगळं केलं हो. तिला झोप लागली आणि माझा हात वहीकडे गेला. असा फुगलेला ओठ परत कुठे बघायला मिळणार? दुसऱ्या पुस्तकात उडणारी मुलगी आपटते, दात पाडून घेते. त्याला बक्षीस मिळालं. गौरीनं ते उघडलं, मिटलं, आणि केस कानांवर ओढून घेतले, ते आज तिशी उलटली तरी.

ती आता गाझियाबादला असते. तिची मिनू पाच वर्षांची, कान तेच. खरं तर ते माझेच कान, मी स्वतःला कधी काढलं नाही इतकंच. गौरीची एकच अट, आई, ये, जेव, पण पेन्सिल आणायची नाही. दारात पर्स उघडून बघते, मेट्रोतल्या तपासणीपेक्षा कडक.

परवा मिनू खडू घेऊन आली, आजी, मेरा चित्र बनाओ ना. मी गौरीकडे बघितलं. म्हटलं, आजीला येत नाही गं. मिनू म्हणाली, चलो, मग मी तुझं काढते, आजी, हिलना मत. बसले. नाक बटाट्याएवढं, कान कागदाबाहेर गेलेले, तोंडात दात एकच. गौरी बघत राहिली आणि इतकी हसली, की तिचे ते तुटके दात मला कित्येक वर्षांनी दिसले. कागद तिनं फ्रिजवर लावलाय, आल्यागेल्याला दाखवते, बघा, बिल्कुल आई.

राहू दे. दर रविवारी जाते. बिस्किट मिळतं. हलत नाही.