मोठ्या हॉलची तारीख

नगरपालिकेच्या अधिवेशन केंद्रात दंतवैद्य संघटनेच्या सचिवबाई ताटकळत बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर केंद्राचे व्यवस्थापक आणि त्यांचा तरुण सल्लागार कुजबुजत भांडत होते, पण ती कुजबुज जिन्यापर्यंत ऐकू जात होती.

"आज केंद्र सावरायची आपली योजना पटली नाही, तर ते विकायला काढतील. माझ्यासकट."

"तुम्हाला कोण घेणार, साहेब?"

"थट्टा पुरे! मोठा हॉल यंदा किती भरला, हे आत नगरपालिकेच्या अध्यक्षबाई विचारणारच."

"भरलाय की. जवळजवळ रोज."

"कोणी भरला?"

"आपणच. या योजनेच्या बैठकांनी."

"सगळ्या बैठका मोठ्याच हॉलमध्ये घेतल्यास तू?"

"आकडे चांगले दिसले पाहिजेत, असं तुम्हीच म्हणालात."

"आणि बाहेरचे लोक?"

"फोन करतात बिचारे. पण हॉल रिकामा नसतो ना."

"अरे, बाहेरचं एक गिऱ्हाईक दाखव मला! एक! तेवढ्यावर आत तरून जाईन."

सचिवबाई खाकरल्या. "आम्हाला अधिवेशनासाठी मोठा हॉल हवा होता. पुढच्या महिन्यातला शेवटचा शनिवार."

व्यवस्थापक ताडकन उठले. "बसा ताई, बसा! चहा घेणार? अरे, तारीख बघ आधी!"

सल्लागाराने मोबाइल पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला.

"त्या दिवशी बैठक आहे, साहेब."

"कसली?"

"हॉलला गिऱ्हाईक का मिळत नाही, यावर विचारमंथन."

"मग हलव ती!"

"कशी हलवू? अध्यक्षबाईंनी स्वतः तारीख दिलीय."

आतून शिपायाने व्यवस्थापकांना हाक मारली. सचिवबाईंनी निघायला पर्स उचलली.

"ताई, थांबा," व्यवस्थापक काकुळतीने म्हणाले. "निदान त्या बैठकीला तरी या."