लाल्याच्या नाकाचा ठसा

आमचं गाव अहमदपूरपासनं दोन कोसावर, अन् गावात आमच्या घराला डागवाल्याचं घर म्हनतेत. तसे आमी लिंगायत, शेतीच करतो, पन आज्यापासनं पाच-सात गावची ढोरं डागायचा मान आमच्याकडं. डागायचं म्हंजी सळई आरात लाल करायची अन् मागच्या फऱ्यावर धन्याची निशानी उठवायची. कुनाचा चंद्र, कुनाची चौकट, आमचं सोताचं बेलाचं पान. एका ढोरामागं एक नारळ, बाकी काय घ्यायचं न्हाई, असा दस्तूर.

काय सांगू तुमाला, लातूर नवा जिल्हा झाला, कचेरी उस्मानाबादेहून हिकडं आली, लोकांनी पेढे वाटले, अन् पावसानं मातर तोंड दावलं न्हाई. चारा संपला, तवा लोक ढोरं घेऊन नांदेडकडं गोदावरीच्या काठाला निघाले, अन् परमुलखात ढोरात ढोर मिसळलं तर वळखायचं कसं, म्हनून निघायच्या आदी समदे आमच्या दारात. बाप थकलेला, सळई माज्या हातात आली. दिवसभर डागून राहिलो. कातडं जळायचं, ढोर हंबरडा फोडायचं, अन् म्या म्हनायचो, थांब रं, तुज्याच भल्यासाठी हाय. अन् खरं सांगतो, पाऊस झाल्यावर समदी ढोरं निशानीवर घरला आली, एक चुकलं न्हाई. तवापासनं मला माज्या सळईचा लई गर्व, लई म्हंजी लई.

आता लाल्याचं ऐका. लाल्या माजा बैल, लाल कंधारी, घरच्या गाईचा. बायको गेली तवा ह्यो दीड वर्साचा व्हता. पोरं पुन्याला, म्हनून घरात बोलाया म्हनलं तर लाल्याच. एक दिस ढोराचे सरकारी डॉक्टर आले, त्याच्या कानात पिवळा बिल्ला टोचला, बारा आकड्याचा, अन् विम्यासाठी त्याच्या नाकाला फोन लावून फोटू काढला. म्या हसलो, म्हनलो, सायेब, नवरी बगाया आलात का, नाकडोळं बगून राहिलेत? तेबी हसले.

मंग पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिशी, खांदेमळनीला, आमी बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतो अन् कानात आवतान देतो, आज आवतान घ्या, उद्या जेवाया या. म्या कानाला तोंड लावलं तर बिल्ला व्हटाला आडवा. मला राग आला. म्हनलो, धन्याच्या अन् बैलाच्या मदी हे पिलास्टिक कशाला, माज्या हातचं बेलाचं पान हाय की फऱ्यावर. उठलो, आडकित्ता घेतला अन् कट्कन बिल्ला तोडून फेकला. हाव, म्याच तोडला.

आठ दिसात लाल्या चोरीला गेला. दावं कापलेलं. म्या दोन दिस जेवलो न्हाई. मंग कळलं, मुदखेडच्या रस्त्याला पोलिसांनी ढोरांनी कोंबलेला ट्रक धरला, ढोरं नांदेडजवळ विष्णुपुरीकडं एका शेडात ठिवली. तसाच यष्टीत बसलो. शेडात गेलो अन् हाक मारली, लाल्या! त्यानं मान वळवली, माजा हात चाटला. म्या रडाया लागलो. पन फौजदार म्हनले, बाबा, चाटनं कायद्यात चालत न्हाई, बिल्ला कुटं हाय? ट्रकवाल्याच्या मानसाजवळ बैल इकत घेतल्याची बाजाराची पावती व्हती. म्या म्हनलो, निशानी बगा, बेलाचं पान. फिरून बगतो तर काय, चोरट्यांनी बेलाच्या पानावर दुसरी सळई ठिवलेली, समदा एकच काळा गोळा, पू आलेला. ज्या सळईचा गर्व तीच माज्यावर उलटली. म्या खालीच बसलो.

तितं ढोराच्या एक डॉक्टरीन बाई व्हत्या, माज्या लेकीच्या वयाच्या. त्या म्हनल्या, आजोबा, ह्याचा विमा काढलाय का? म्हनलो, हाव, नाकाचा फोटू काढलाय. त्यांनी लाल्याचं नाक पुसलं, फोन धरला. फोनवर चकरी जरा फिरली अन् तेच्यावर माजं नाव आलं! माजं नाव, माजं गाव, बैल लाल कंधारी. ट्रकवाल्याच्या मानसानं पावती घडी करून खिशात घातली. म्या म्हनलो, बाई, ह्येला कसं कळलं? त्या म्हनल्या, आपल्या आंगठ्यागत हरेक ढोराच्या नाकावर येगळ्या रेघा असतेत, जगात एकासारखं दुसरं नसतंय. बोट लावून बगा म्हनल्या. म्या लावलं. वलं, गार नाक, अन् तेच्यावर बारीक बारीक रेघा, नांगरलेल्या रानावानी. माज्या आंगावर काटा आला. सात वर्सं ह्या नाकाला हातानं पेंड चारली, अन् कवा बगितलंच न्हाई.

मंग बाईंनी फऱ्यावर मलम लावलं अन् हळूच इचारलं, वरचा डाग चोरट्याचा, पन खालचा कुनाचा? म्या म्हनलो, माजा. त्या रागावल्या न्हाईत. एवढंच म्हनल्या, आता जनावराला असा तरास द्यायची गरज न्हाई, कायदाबी तेच म्हनतो. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

कोर्टाचा कागूद झाला, लाल्या घरी आला. सळया लोहाराला दिल्या, म्हनलो, खुरपी कर, पन पुन्ना सळई करू नको. नवा बिल्ला म्या सोता डोकं धरून टोचून घेतला.

परवा पोळा झाला. खांद्याला हळद-तूप चोळलं, मंग फऱ्यावरच्या त्या काळ्या गोळ्यालाबी चोळलं. ज्यानं कुनी ते नाक वळखायचं यंत्र काढलं त्येच्या लेकराबाळांचं भलं होवो. महादेवानं पुढं नाकावर लिहून ठिवलं व्हतं, अन् म्या जलमभर मागं जाळून लिहीत बसलो. किती ढोरं डागली, समद्यांची माफी कुटं मागनार? म्हनून एकाचीच मागितली. कानाशी गेलो, बिल्ला व्हटाला लागला, लागू दिला, अन् म्हनलो, आज आवतान घे लाल्या, अन् माज्यावर राग धरू नको. त्यानं मान वळवली अन् वलं नाक माज्या गालाला लावलं.