शंकरकाकांना टोकलं तेव्हा

मी मोठ्यांना फार तोडून बोलते म्हणता ना, मग हे ऐका. माझे शंकरकाका नेरकडच्या मैदानांवर सोळा वर्षं साध्या मोटारगाड्यांच्या शर्यती मारायचे. धुळीत आठ-दहा गाड्या एकमेकींना घासत पळायच्या आणि बहुतेकदा काकाच पुढे असायचे. मागच्या दोन शर्यतींत मात्र त्यांनी डावीकडच्या गाडीला ठोकलं. मी विचारायला गेले की म्हणायचे, "निघतानी टोकू नको." मग घरातले सगळे मलाच गप्प करायचे.

यंदा काका गाडीत बसल्यावर मी डाव्या खिडकीशी गेले आणि रिकामा हात वर धरला.

"काका, समोरच पाहा. माह्या हातातलं निशाण कोणत्या रंगाचं हाये?"

"हिरवं. हो बाजूले."

"हातात काहीच नाही, काका."

वडील धावून आले. "निघत्या माणसाले टोकतं? अक्कल हाये का तुले?"

कोणी टोकलं तर खाली उतरून, घोटभर पाणी पिऊन मगच निघायचं, ही आमच्याकडची रीत. काका उतरले, पाणी प्याले, पण परत गाडीत बसले नाहीत. बाकीच्या गाड्या सुटल्या. धूळ आमच्या अंगावर आली.

"डावा डोळा कवाचाच गेला," काका म्हणाले.

वडील पुन्हा माझ्याकडे वळले, तशी काकांनी त्यांच्या हातात हेल्मेट दिलं.

"तिले बोलू नको, भाऊ. मी आपणहून उतरलो नसतो, अन् कोणी मेल्यावरच तुमी विचारलं असतं."