बेंडच्या तळाची जाडी

नाव: सोबतच्या ओळखपत्राप्रमाणे. वय: २२ वर्षे. शिक्षण: डिप्लोमा, दुसऱ्या वर्षी सोडला. काम: सांडपाण्याच्या पंपहाउसवर मदतनीस. राहणार: पंपहाउसच्या कुंपणालगतची खोली.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की, आज सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी आमच्या आवारातला मोठा पाइप फुटला आणि चेंबरमध्ये उतरलेले फिटर, ज्यांना सगळे मिस्त्री म्हणतात, ते त्यात गेले. त्या मिनिटानंतर माझं काही उरलेलं नाही. जिच्याशी मला लग्न करायचं होतं, तिचे ते वडील. सरांच्या अंगावर धावून गेलो म्हणून कॉलेज सुटलं, तेव्हा हे काम मला मिस्त्रींनीच मिळवून दिलं होतं.

सदर पाइपातून सांडपाणी दाबाने वर चढवलं जातं. पाण्यातली वाळू त्याआधी एका टाकीत खाली बसायला हवी. ती टाकी आठ महिने नादुरुस्त आहे. त्यामुळे वाळू पंपातून सरळ पाइपात जाते आणि जड असल्यामुळे तळाला घासत जाते. पाइप वरून धडधाकट दिसतो, खालून झिजत असतो. बेंडला, म्हणजे पाइप वळतो तिथे, सगळ्यात जास्त. हेही मिस्त्रींनीच शिकवलं. म्हणून दर महिन्याला यंत्राने जाडी मोजायची: वर, बाजूला, तळाला. पाच मिलिमीटरच्या खाली आकडा आला, तर पंप बंद केल्याशिवाय चेंबरमध्ये कुणी उतरायचं नाही, अशी आमच्याकडची रीत आहे.

या महिन्याची मोजणी माझ्याकडे होती. बेंडचा तळ गाळात असतो. गाळ उपसून, आडवं पडून हात खाली घालावा लागतो. मी वरचा आकडा घेतला, नऊ. तेवढ्यात मिस्त्री वरून वाकून म्हणाले, "काय रे, उरकलं एवढ्यात? माझ्या पोरीकडे बघतोस त्याच्या निम्म्यानं तरी त्या पाइपाकडे बघ!" मी हसलो. म्हणालो, "झालंच, मिस्त्री." बाजूचा आठ पूर्णांक नऊ, तळाचा आठ पूर्णांक सात, असं मी मनानेच लिहिलं. सगळीकडे नऊ लिहिलं असतं तर संशय आला असता. मिस्त्रींच्या मुलीची बस पाच वाजून दहा मिनिटांनी सुटायची, त्याआधी मला तिला स्टँडवर गाठायचं होतं.

आज बेंडजवळच्या जोडातून पाणी ठिबकत होतं. पंपहाउसचे साहेब म्हणाले, "पंप बंद केला तर खालच्या गल्ल्यांत घाण चढेल, मिस्त्री. बघा काय ते." मिस्त्रींनी रजिस्टर उघडलं, आकड्यावर बोट ठेवलं. "तळाला आठ सात आहे. आवळतो चालू पंपावरच." मी शेजारीच उभा होतो. मला बोलता आलं असतं. साहेबांसमोर अब्रू जाईल, एवढंच मनात आलं. मिस्त्री शिडीने उतरले. तिसरा नट आवळत होते तेव्हा तळ फाटला. मी पंप बंद करायला धावलो. वरच्या पाइपातलं पाणी उलटं येतच राहिलं. मिस्त्रींना वर काढायला अकरा मिनिटं लागली. फाटलेला तुकडा मी हातात घेऊन पाहिला. कडेला दोन मिलिमीटरही नव्हता.

दुपारी दवाखान्याच्या जिन्यात साहेब मला म्हणाले, "मिस्त्रीनं घाई केली, एवढंच सांगायचं. तूही सुटशील." मी त्यांची कॉलर धरली, हे खरं आहे.

तिथून मी मिस्त्रींच्या घरी गेलो. ती भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "साहेबांचा माणूस येऊन गेला. म्हणे बाबांनी घाई केली. बाबा आणि घाई? तू होतास ना तिथं? मग सांग ना सगळ्यांना."

मी सगळं सांगितलं.

"तळ का नाही मोजलास?"

"तुझी बस चुकली असती."

तिने डोळे पुसले नाहीत, ती ओरडलीही नाही. म्हणाली, "जा तुम्ही."

मी चपला हातात घेतल्या, बाहेर आलो आणि दार ओढून लावलं.

वरचा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोललो तसाच उतरवला आहे. कुणी धाक घातलेला नाही, खोडण्यासारखं काही नाही.